फीत

सान रोके, आंतीके
२१ फेब्रुवारी १९९४

चि. मिंदा हिस नानायचे भरघोस आशीर्वाद, वि. वि.

सगळ्यांत आधी आली कप्तानाची बायको, छत्री उघडून. तिच्या दारापासून माझं दार दहा ढांगांवर, वर नारळांची सावली, तरी छत्री. मागून शाळेच्या हेडबाई सालुद आल्या, आणि शेवटी गावाचा कारभार हाकणारा आपला गावकप्तान दोरोतेओ, पोट पुढे आणि तोंड पाडून. मी मासळी वाळत घालत होते. कप्तानीण नाकाला रुमाल लावून बसली. जशी काही हिच्या बापानं जन्मभर गुलाबच विकले.

का आले ते सांगते, पण आधी मला जरा निवू दे.

हाँगकाँगला जाताना तू पोरींच्या स्काउटचा स्कार्फ माझ्या गळ्यात घातलास आणि म्हणालीस, नानाय, तू फक्त त्यांच्यासोबत राहा, बाकीचं त्यांना येतं. खरंच येतं. तिसरीतून उठलेली बाई मी, शपथसुद्धा माझी नात जिनालिनच मला पढवते. मी मधेच प्रार्थनेतले शब्द घुसडते नि शेवटी आमेन म्हणते, पोरी हसून लोळतात. म्हातारपणी एवढी मजा येईल असं वाटलं नव्हतं.

तर जीपनी गाड्यांच्या थांब्यावर नवा निवारा बांधलाय. वाट बघणाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून. छपरावर खासदारसाहेबांचं नाव, तीन रंगांत. उद्घाटनाला स्काउटच्या पोरी गणवेशात, रस्त्याच्या दोन्ही अंगांना झेंडे घेऊन उभ्या करा, असा हेडबाईंचा निरोप आला. सकाळपासून पोरी डांबरावर उभ्या, दुपार झाली तरी साहेबांचा पत्ता नाही. आणि बघ गंमत, निवारा शेजारीच, आत गारेगार सावली, पण तोंडाशी लाल फीत. साहेबांनी कापल्याशिवाय आत पाऊल ठेवायचं नाही. कप्तानीण अर्थात छत्रीखाली.

नेनिथ कोसळली. तीच ग, कोळ्याची धाकटी, काडीसारखी. मी म्हटलं, पोरीला आत घ्या. कप्तान म्हणाला, फीत आहे. पोर जमिनीवर पडलीय आणि हा बाप्या मला फीत दाखवतो. मिंदा, तुझा बाप दारू पिऊन होडी हरवून आला होता ना, त्या दिवशीसुद्धा मी एवढी पेटले नव्हते. मी जिनालिनला विचारलं, ही गाठ कुणी मारली? म्हणाली, आम्हीच. मग सोडा, म्हटलं. एका ओढीत सुटली.

सगळ्या आत बसवल्या. साहेबांसाठी शहाळ्याचं पाणी आणि केळीच्या पानात गुंडाळलेले गोड भाताचे सुमान मांडले होते, ते वाटून टाकले. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. एकीचंही तोंड रिकामं नव्हतं. नेनिथ शुद्धीवर आली होती, ती बिचारी उठून सलाम करायला लागली, डाव्या हातात अर्धा सुमान. साहेब उतरलेच नाहीत. काच वर केली नि गेले.

आता या तिघांचं म्हणणं असं, की पोरींनी शाळेत झेंड्यासमोर रांगेत माफी मागायची आणि मी स्कार्फ परत करायचा. नाहीतर एप्रिलच्या शिबिराच्या कागदावर हेडबाई सही करणार नाहीत. शाळा सुरू झाल्यापासून पोरी तंबू ठोकायला शिकताहेत. निम्म्या जणींनी हे गाव सोडून काही पाहिलेलं नाही. नेनिथ तर उशाला दोरी घेऊन झोपते.

मी सांगितलं, लेकीला विचारल्याशिवाय माझं पान हलत नाही, तिचं पत्र येऊ दे. तू हसू नकोस. लवकर लिही, आणि थंडीत पायमोजे घालत जा.

दुरून का होईना, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी नानाय


हाँगकाँग
६ मार्च १९९४

ति. नानायस मिंदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी मला तुझाच राग आला. कप्तानाशी वैर घेऊन त्या गावात राहता येतं का? जिनालिनच्या प्रत्येक पत्रात शिबिराशिवाय दुसरा विषय नसतो. मी तुला लिहिलंसुद्धा, की एकदाची माफी मागून टाक, माफीनं अंगाला भोकं पडत नाहीत. पाकीट चिकटवलं होतं.

मग मालकिणीकडे जेवायला पाहुणे आले. ते बोलत बसले आणि मी भिंतीशी ताट धरून उभी. त्यांनी ताटाकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे तर नाहीच. पाय भरून आले तेव्हा तुझ्या पोरी डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. नानाय, मला या उभं राहण्याचा पगार मिळतो. पोरींना काय मिळत होतं? मी त्यांना तंबू शिकवत होते, ताट धरायला नव्हे. त्यासाठी इथं यायला त्यांना पुढे आयुष्य पडलंय.

ते पत्र मी फाडलं. स्कार्फ काढू नकोस. आणि माफीचीच हौस असेल, तर ती नेनिथची मागावी. हे त्यांना माझ्या नावानं सांग.

ते सुमान लिनिंगमामीचे असतील तर साहेब वाचले म्हणायचे, ती नारळ मोजून घालते.

पायमोजे घालते. रागवून झालं की मला जवळ घे, इतकंच मागणं.

तुझी मिंदा


सान रोके
२२ मार्च १९९४

चि. मिंदा हिस पुन्हा आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र जिनालिननं सगळ्या पोरींना वाचून दाखवलं. ताट धरायचं आलं तेव्हा तिनं पत्र नेनिथच्या हातात दिलं, पुढचं तिनं वाचलं. पोरींनी घरी जाऊन आयांना सांगितलं. ज्या बाया मला बघून वाट बदलत होत्या, त्या आता दारात येऊन बसतात. नेनिथच्या बापानं एवढा मोठा मासा आणून दिला.

काल ती तिघं परत आली. या खेपेला कप्तान पुढे, घामाघूम, आणि छत्री सगळ्यांत मागे. माझ्या मासळीचं कौतुक झालं. कप्तानीण म्हणाली, वास किती छान येतोय. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी अडलंय. खासदारसाहेब पुन्हा येणार आहेत, फीत कापायची राहिलीय ना. आणि एकही आई पोरीला रांगेत पाठवायला तयार नाही. रिकाम्या रस्त्यावर साहेबांना कोण हात हलवणार, कप्तान?

मी म्हटलं, आधी शिबिराच्या कागदावर सही. मग पोरी येतील, पण निवाऱ्यात बसून राहतील. गाडी दिसली की फीत बांधतील. त्यांना किती वेळ लागतो ते गावानं पाहिलंय. आणि त्याआधी कप्तानानं नेनिथच्या घरी जाऊन तिची माफी मागायची. माझ्या लेकीचा निरोप आहे, हेही सांगितलं.

कप्तान लालबुंद झाला. म्हणाला, “आजी, एवढ्याशा पोरीची माफी?”

मी म्हटलं, “उन्हात उभी केलीत तेव्हा मोठी होती काय ती?”

त्यावर हेडबाईंनीच कप्तानाची बाही ओढली. त्या वाईट नाहीत ग, नोकरी वाईट. जाताना कप्तान पुटपुटला, बघतो, जातो तिच्याकडे. कप्तानीण मात्र छत्री विसरून गेली. मी काही नेऊन दिली नाही. तिच्यावर मासळी पसरलीय, छान वाळतेय.

स्कार्फ गळ्यातच आहे, मळलाय तेवढा. अशीच माझ्यावर हुकूम सोडत जा, मला गोड लागतात.

तुझी नानाय

ता. क. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी, चर्चमधली मिसा सुटली की सही घेऊन येतो म्हणालेत तिघं. नारळांखाली त्या वेळी पोरी गाठी शिकायला बसतात, म्हणून या तिघांच्या खुर्च्या उन्हात मांडणार आहे.