मखमलची टोपली

प्रिय छोटी,

तुझा निरोप बाबांनी वाचून दाखवला. रविवारी येणार, मखमलला उचलणार, मैत्रिणीच्या घरी कायमची ठेवणार, आणि चहासुद्धा नको. वाचता वाचता बाबांचं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, येण्याआधी तुला तुझ्या मांजरीची खबर तरी कळवावी.

मी बाबांशी लग्न करून या घरात आले ती काही एकटी आले नाही. शिलाई मशीन, म्हातारा कुत्रा पंत आणि बोका हवालदार असा सगळा लवाजमा घेऊन आले. आठवड्याभरात तू होस्टेलवर गेलीस आणि मखमल तुझ्या पलंगाखाली गेली. तिचं तरी काय चुकलं? राज्य तिचं होतं गं! हवालदार दिसला की फिस्स, मशीन सुरू झालं की फिस्स, आणि मला तर समोर उभं राहायचीही सोय नाही. तिनं खाणं सोडलं तेव्हा मात्र मी दिवसातून चारदा तिची ताटली बघायला जायची. पोरीचं एवढं एकच माणूस इथे उरलंय आणि तेही आपल्यापायी वाळत चाललंय, असं वाटायचं.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी क्लिकर दिला. बोटाएवढी डबी, दाबली की टक् वाजते. मांजरानं शहाण्यासारखं काही केलं की त्याच क्षणी टक्, आणि टक् झालं की खाऊ द्यायचाच, एकदाही चुकवायचं नाही. मला हसूच आलं. मांजराला शिकवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! तरी पंत आणि हवालदारला मागच्या खोलीत कोंडून मी तुझ्या उंबऱ्यात बसायला लागले. तिनं पलंगाखालून नाक काढलं, टक्, उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. मग मागच्या खोलीत त्या दोघांचीही अशीच टक्-खाऊची शाळा. हाका मारायच्या नाहीत, हात घालून ओढायचं नाही. तेच मला जड गेलं बघ. आम्हा शिंपिणींना ओढूनताणून मापात बसवायची खोड असते ना.

आणि गंमत ऐक. शब्दकोडं सोडवताना बाबा पेनाचं बटण वाजवत बसतात, तुला ठाऊकच आहे. एका सकाळी त्यांचं ते टक् टक् चाललं होतं, आणि पलंगाखालून मखमल, कपाटावरून हवालदार, दारातून पंत, तिघंही त्यांच्यापुढे हजर! बाबांच्या हातातलं पेनच पडलं. मी स्वयंपाकघरातून ओरडले, आता द्या काहीतरी, नाहीतर माझी मेहनत पाण्यात जाईल. बिचाऱ्यांनी बशीतलं अख्खं आम्लेट तिघांत वाटलं आणि स्वतः कोरडा पाव खाल्ला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, अगं, तिघं हातभर अंतरावर बसलेत आणि कुणीच फिसकारत नाहीये. आनंदानं मला रडूच फुटलं.

आता प्रत्येकाची जागा ठरलीय. पंत गोणपाटावर, हवालदार माझ्या चिंध्यांच्या गादीवर, आणि मखमल तुझ्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर. तो मी धुतलेला नाही, तुझा वास जाईल म्हणून. मशीन सुरू झालं तरी बाईसाहेब तिथून हलत नाहीत. अंग चांगलं भरलंय. बाबांच्या शर्टाचा खिसा मात्र सदा खाऊनं तेलकट.

तुझा निरोप आल्यापासून मी तिला एकच गोष्ट शिकवतेय. ती जाळीची टोपली आठवते, जी पाहून ती पडद्यावर चढायची? तिचं दार उघडं टाकून ठेवलं. आधी नाक, टक्. मग पंजा, टक्. काल ती आपणहून आत जाऊन बसली. बाबा चिडले, तिला घर सोडून जायलाच शिकवतेस का म्हणून. हो, म्हटलं. छोटी नेणार असेल तर मांजर भेदरून जाऊ नये, आणि ते ओरडणं छोटीला वाटभर ऐकावं लागू नये. खाऊ खाऊन झाल्यावर ती टोपलीतून बाहेर आली आणि आपल्या अभ्र्यावर जाऊन झोपली. हे सांगायलाच पत्र लिहायला घेतलं. न्यायची की ठेवायची, तू ठरव. मला वाईट वाटेल, पण मी अडवणार नाही. फक्त आधी तुझ्या खोलीत घटकाभर बस तिच्याजवळ. खोलीचं दार तिच्यासाठी उघडं ठेवलं होतं, ते आता तुझ्यासाठीही उघडंच आहे. चहा मी तीन कप टाकणार आहे. हाक मात्र मारणार नाही.

तुझीच,
काकू (तुझ्या तोंडी हेच गोड लागतं, बदलू नकोस)