पाठाच्या खोलीवरचे कवेलू

चि. खेमेश यास आशीर्वाद.

तू शेतातून परतशील तेव्हा मी गोंदियाच्या गाडीत असेन. दवाखान्यात तुझ्या आईजवळ राहून तिला कार्तिकी पौर्णिमेला घरी आणीन. भाद्रपदात तिला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा चिखलामुळे जीप मोठ्या रस्त्यावरच थांबली आणि चौघांनी तिला खाटेवर उचलून तिथवर नेले. त्या वेळी तिने अडखळत मला विचारले होते, "काऊन जी, मी जिती आहो ना?" आता तिने जीपमध्ये बसूनच दारापर्यंत यावे, एवढीच माझी इच्छा आहे.

मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंतची सगळी वाट बांधणे आपल्याला झेपणारे नाही, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. म्हणून केवळ चाकांपुरते दोन पट्टे भर आणि मधले गवत राहू दे. मात्र बैलगाडीच्या जुन्या चाकोऱ्यांत भर घालू नकोस. जीपची चाके त्यांहून जवळ असतात. तळाशी फोडलेले कवेलू आणि वर मुरूम घालून पाणी मार. मग धानाने भरलेल्या बैलगाडीचे एक चाक आधी एका आणि मग दुसऱ्या पट्ट्यावरून पुनःपुन्हा फिरव.

गोठ्याच्या छपराचे कवेलू पुरणार नाहीत. माझ्या पाठाच्या खोलीवरचेही उतरव. तू ते मागितलेस तेव्हा मी नकार दिल्यावर तू पुन्हा विषय काढला नाहीस, हे माझ्या ध्यानात आहे. देव आणि पोथ्या मी सूनबाईंच्या स्वाधीन केल्या आहेत.

खोलीवर पत्रे घाल. पावसात ते फार वाजू लागले, तर मी तुझ्या आईच्या उशाशी बसून पाठ म्हणत जाईन. इतकी वर्षे तिने तो भिंतीआडूनच ऐकला आहे.

— बाबा