अ‍ॅलर्जी नाही

१४ नोव्हेंबर

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आता कुरकुरत नाही, ती स्वतःच कुरकुरते. पत्र वहिनीच्या हाती देते आहे, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

हॉस्पिटलच्या चौकशी समितीला तू आपल्या कंपनीतर्फे पाठवलेला खुलासा वाचला. "स्क्रीनवर माहिती बरोबर होती, नर्सने नीट पाहिलं नाही." दादा, हे लिहिताना तुला जरासुद्धा काही वाटलं नाही?

काल दुपारभर मी आपण हॉस्पिटलला बनवून दिलेल्या त्या रुग्णमाहितीच्या पानाचा कोड उघडून बसले होते. रुग्णाची अ‍ॅलर्जी ज्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडमधल्या ज्या कप्प्यात येते, त्याला तू सुरुवातीला किंमतच दिलेली नाहीस. नोंद सापडली तर ती त्यात भरायची, नाही सापडली तर ते तसंच मोकळं. आणि मोकळं दिसलं की पान बिनदिक्कत छापतं, "अ‍ॅलर्जी नाही". त्या दिवशी जुन्या नोंदींचा सर्व्हर बंद होता, त्या पेशंटबाईंची नोंद आलीच नाही. नर्सने स्क्रीन वाचून इंजेक्शन दिलं. बाईंचा घसा सुजला, तीन दिवस व्हेंटिलेटरवर होत्या. वाचल्या, हे आपलं नशीब. सुरुवातीलाच "माहिती नाही" एवढं भरून ठेवायचं होतं. एक ओळ! लोगोचा निळा रंग अकरा वेळा बदललास, आणि या ओळीला तुला सवड नव्हती?

त्या नर्सला घरी बसवलंय. सोळा वर्षं झाली तिला नोकरीत. गुरुवारी समितीचा निकाल आहे. परवा ती ऑफिसात आली, मला वाटलं भांडायला आली. तर म्हणाली, "ताई, मी दोनदा वाचलं होतं हो. तुमच्याकडे कुठे दिसेल का ते?" मी तिला पाणी दिलं, "बघते" म्हणाले आणि आत जाऊन बसले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

लाज का, ते आता लिहूनच टाकते. पान पहिल्यांदा चालवलं तेव्हापासून वरती इशारा यायचा, या व्हेरिएबलला किंमत दिलेली नाही म्हणून. रोज यायचा. तू म्हणालास, "डॉक्टर लोक वैतागतात, बंद कर ते." तो मी बंद केला, दादा. कोड उघडून पाहिला नाही, की का येतोय म्हणून तुला विचारलं नाही. लहानपणापासून तू सांगायचंस आणि मी मान डोलवायची. तुझा राग येतोच आहे, पण त्या मान डोलवण्याचा त्याहून जास्त येतो.

गुरुवारी दहा वाजता मी तो कोड घेऊन समितीपुढे जाणार आहे. आधी माझी चूक सांगेन, मग तुझी. कंपनी बुडाली तर बुडू दे. तू आलास तर तुझी तू सांग.

तुझ्या शब्दाबाहेर आजवर कधीच न गेलेली,
बारकी