शेरा : वाचन उत्तम

घोडपदेव, मुंबई
८ एप्रिल २०२५

चि. मेघना,

राग आहे, तरी आशीर्वाद आधी. गुडघा बरा आहे, जावईबापूंना सांग. फोनवर तू "आई, वर्ग चालू आहे" म्हणून ठेवून देतेस, म्हणून शेजारच्या राजलक्ष्मीला लिहायला बसवलंय. बोलते तसंच लिही, वर साखर पेरू नकोस, अशी तिला तंबी दिली आहे.

तुझ्या तिसरीतली श्रेया, आमच्या खालच्या मजल्यावरची. शनिवारी जिन्यात नोटीस लागली. आम्ही पाचसहा बायका उभ्या. मी म्हटलं, "वाच गो, शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी टाळ्या वाजवलेली पोर तू!" तिने नोटिशीवर बोट ठेवलं आणि ठसक्यात सुरू केलं, "एका डोंगराखाली एक म्हातारं कासव राहत होतं..." अख्खा धडा! बायका पोट धरून हसल्या. पोर बोट तसंच ठेवून उभी. मग सुंदराबाईने वाचलं : उद्या पाणी येणार नाही.

आणि हिच्या नावापुढे तू लिहितेस, 'वाचन उत्तम'? हात कसा धजला गो तुझा? वर्गात पस्तीस पोरं, वरून कागद मागतात, सगळेच असं लिहितात, हे मला ऐकवलंस. सगळ्यांना मी जन्म दिलेला नाही. साहेब येणार म्हणून आठ दिवस तोच एक धडा घोकून घेतलास. तिला अक्षर ओळखता येत नाही, हे तुला कळलं नव्हतं?

कळलं होतं. असलं वाचन तू घरातच बघितलंस. श्रावणात मी मंडळात पोथी धरून बसायचे, सुंदराबाईने पान उलटलं की मी उलटायचे. चाळीस वर्षं कुणाला पत्ता नाही. तू सात वर्षांची असताना माझ्या हातातली उलटी पोथी गुपचूप सुलटी केलीस. तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं तुझं.

राजलक्ष्मी लिहायची थांबली. तिला वाटत होतं, म्हातारीचे डोळे गेलेत. लिही गं, बघतेस काय!

आता राहिलेलं सांगते. साहेब यायच्या आधी श्रेया माझ्याकडे रडत आली. आई तिची मसाला कुटायच्या डंकावर कामाला. "आजी, मला येत नाही, बाई ओरडतील." मी राजलक्ष्मीकडून धडा दोनदा ऐकला आणि पोरीला पाठ करवला. बोट कधी सरकवायचं, चित्राशी कुठे थांबायचं, मध्ये एकदा अडखळायचं म्हणजे खरं वाटतं, सगळी माझी विद्या. त्या टाळ्या मला होत्या. माझा शेरा तू तिच्या नावावर लिहिलास.

येत्या शनिवारी कागद वर जायच्या आत तो शेरा खोड. 'वाचता येत नाही' असं लिही आणि सुट्टीत तिला घेऊन बस. मोठ्या बाई ओरडल्या तर मला बोलाव, मी येऊन सांगते. माझं निभावलं, कारण माझ्याकडून कुणाला काही वाचून नको होतं. तिचं निभणार नाही.

पत्र श्रेयाच्याच दप्तरातून पाठवते, पाकीट न चिकटवता. ती वाटेत वाचेल अशी भीती नाही. ज्या दिवशी ती भीती वाटेल, त्या दिवशी माझा राग गेला असं समज.

तुझी आई,
आणि श्रेयाची ती दुसरी बाई,
सुभद्रा