अर्ध्या मिनिटाचा बालकलावंत

१२ ऑक्टोबर, रविवार

'जुने बालकलावंत रसास्वाद मंडळ' आज स्थापन झालं. जागा, आमच्या अपार्टमेंटची गच्ची. अध्यक्ष मी. उपस्थिती उत्तम, म्हणजे तिघं. सोसायटीचे सेक्रेटरी नानासाहेब, लग्नाचे व्हिडिओ काढणारा धम्मपाल (प्रोजेक्टर त्याचाच) आणि आमची ज्ञानेश्वरी. ती वाळलेले कपडे काढायला आली होती, पण बसली.

उद्देश: कृष्णधवल सिनेमा, जुनं दूरदर्शन आणि रेडिओवरची गाणी यांतल्या लहान मुलांच्या कामाची कदर करणे. हल्ली कदर राहिली नाही. माझंच बघा ना. सात वर्षांचा असताना 'शपथ या किल्ल्याची' या चित्रपटात मी दौलताबादच्या किल्ल्यावर काम केलं. भूमिका धनगराच्या पोराची. म्हणजे आम्ही होतोच धनगर, पण अभिनय वेगळा. पोरगा हाक मारतो, बकऱ्यांचा कळप उतारावरून धावत येतो आणि शत्रूचे घोडे अडतात. अर्ध्या मिनिटाचं काम, पण सगळा सिनेमा त्यावर उभा. पुढं तो आमच्याकडं लागलाच नाही आणि रिळंही हरवली. मी स्वतः पाहिलेला नाही. तरी दारावर पाटी आहे: सोनाजी, माजी बालकलावंत. पोस्टमन ती वाचून हसतो. कौतुकानंच.

पहिली चर्चा एका जुन्या चित्रपटातल्या अनाथ मुलावर. रडतो छान. पण मी स्पष्ट मत मांडलं, की त्यानं जनावरांबरोबर काम केलेलं नाही. चर्चा रंगात आली तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि सभासद पळाले.

१९ ऑक्टोबर, रविवार

विषय: रेडिओवर गाणारी एक चिमुरडी. आवाज गोड. पण स्टुडिओत पंख्याखाली कुणीही गाईल, किल्ल्यावरच्या वाऱ्यात हाक मारून दाखवावी. ज्ञानेश्वरी म्हणाली, मग तुम्हीच मारा. मारली. खालच्या मजल्यावरचं बाळ उठलं आणि बराच वेळ रडत होतं. आवाजात अजून ताकद आहे.

मोठी बातमी नंतर. धम्मपालला आमचा सिनेमा इंटरनेटवर सापडला! कुणी भल्या माणसानं टाकलाय. ताबडतोब निर्णय: १४ नोव्हेंबर, बालदिन, सोसायटीच्या आवारात जाहीर खेळ. आधी मी फेटा बांधून तो प्रसंग प्रत्यक्ष करून दाखवणार, मग चित्रपट, मग माझा सत्कार.

धम्मपालनं पाहिलाय. म्हणाला, काका, आधी तुम्ही एकट्यानं बघून घ्या ना एकदा. मी नकार दिला. कलावंतानं स्वतःचं काम प्रेक्षकांबरोबरच पाहावं. तो नुसताच प्रोजेक्टरची वायर गुंडाळत राहिला. पोरगा भारावून गेलाय.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दौलताबादला बानाअक्काकडं गेलो. अक्का माझ्याहून मोठी. अजून बकऱ्या राखते, हंगामात रस्त्याकडेला सीताफळं विकते. तिनं ओवाळलं. मी तबकात कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका टाकली, रंगीत, माझ्या फेट्यातल्या फोटोसकट. यापेक्षा मोठी ओवाळणी कोणती? ज्ञानेश्वरीनं मागून गुपचूप साडी दिली. तिला माझ्या कल्पना झेपत नाहीत.

अक्काला वाचता येत नाही, म्हणून मीच मोठ्यानं वाचली. ऐकून तिनं तबक खाली ठेवलं. मग म्हणाली, सोन्या, त्यो सिनेमा समद्या लोकायला दावायचा व्हय? म्हटलं, व्हय. तर म्हणते, नको रं बाबा. हाय तसं ऱ्हाऊ दे. लई झ्याक चाललंय तुहं.

असूया. समजण्यासारखी आहे. शूटिंगच्या दिवशी तीही किल्ल्यावर होती, पण तिच्याकडं कुणी बघितलं नसणार. मी मोठ्या मनानं तिच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली. शिवाय प्रयोगासाठी तिची एक बकरी मागितली. तिनं चंद्री दिली. म्हणाली, ही माह्याबिगर कुणाचं ऐकत नाय बरं. म्हटलं, कलावंताचं ऐकेल.

चंद्री रिक्षात सीटवर बसली. मी खाली.

२६ ऑक्टोबर, रविवार

गच्चीवर पहिली तालीम. हाक मारली, ट्रूऽऽ ट्रूऽऽ हाऽ. चंद्रीनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली बसली. प्रगती आहे.

मंडळाचा आजचा विषय दूरदर्शनच्या एका जुन्या मालिकेतला बालगुप्तहेर. संवाद स्वच्छ, चालण्यात ऐट. पण सोबत कुत्रा. कुत्र्याबरोबर काम करणं फार सोपं, तो स्वतःहूनच येतो.

२ नोव्हेंबर, रविवार

नानासाहेबांनी जिन्यात नोटीस लावली: गच्चीवर जनावर आणू नये. चंद्रीनं ती खाल्ली. त्यामुळं आता तशी कुठलीही नोटीस नाही. नानासाहेब तणतणत वर आले, तर त्यांच्याच धोतराकडं चंद्री निघाली. मी प्रसंगावधान राखून त्यांना प्रमुख पाहुणे केलं. राग तिथंच उतरला. भाषण किती मिनिटं करायचं, एवढंच विचारून गेले.

ज्ञानेश्वरीची तुळस मात्र गेली. ती म्हणते, लग्नाच्या वेळी बाबांना सांगितलं होतं, पोरगा सिनेमातला आहे. त्यात बकरी आहे हे कुणी बोललं नव्हतं.

गुलमंडीवरच्या शिंप्याकडं शर्ट शिवायला टाकला. तेव्हा होता तसाच, पितळी बटणांचा. ती बटणं मला अजून आठवतात. दिग्दर्शक साहेबांनी स्वतः लावली होती, गळ्यापासून खालपर्यंत.

९ नोव्हेंबर, रविवार

शर्ट आला. बटणं लागत नाहीत. शिंप्यानं माप चुकीचं घेतलं. गोड बंद करण्याचा निश्चय. चकली गोड नसते.

धम्मपाल घरी आला. चहा घेऊन उगाच बसून राहिला. मग म्हणाला, काका, प्रोजेक्टर बिघडलाय, आपण नुसतं तुमचं भाषण ठेवू. संध्याकाळी सिडकोतल्या एका हॉलवर त्याच प्रोजेक्टरवर नवरा-नवरीचे फोटो ठणठणीत चालू होते, मी स्वतः पाहिले. आता लक्षात आलं. खेळ झाल्यावर मुंबईहून बोलावणं येईल, मी निघून जाईन आणि मंडळ पोरकं होईल, ही त्याला भीती. फोन करून धीर दिला, की मी गाव सोडणार नाही. तो म्हणाला, काका, तसं नाय हो. आणि फोन ठेवला. हळवा आहे.

चंद्री अजून येत नाही. मूड लागतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भाषण पाठ. सत्काराला उत्तर देताना नम्रता हवी म्हणून शेवटचं वाक्य ठेवलंय: मी खरं तर काहीच केलं नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. पटत नाही. पुन्हा म्हटलं. अजिबात पटत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल कार्यक्रम झाला. तांत्रिक अडचणी आल्या.

अंगणभर खुर्च्या, बहुतेक भरल्या होत्या. अक्का नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. मी फेटा बांधून, शर्टाला सेफ्टी पिना लावून स्टेजवर. चंद्री पार्किंगमध्ये खांबाला, सैल दोरीनं. हाक मारली. आली नाही. पुन्हा मारली. लोक म्हणाले, जरा जोरात. जोरात मारली तेव्हा एक पिन उडाली. मी माइकवरून जाहीर केलं, की आता थेट चित्रपटच पाहू.

किल्ला दिसला. उतार दिसला. आणि लांबून फेटेवालं पोरगं पळत आलं. तोच शर्ट! टाळ्या पडल्या. मी उठलो, प्रेक्षकांकडं तोंड केलं आणि हात जोडले. पाठीमागून स्पीकरवर हाक आली, ट्रूऽऽ ट्रूऽऽ हाऽ. काय हाक होती! अंगावर काटा आला. आणि समोर पहिल्या रांगेत अक्का, भान हरपल्यासारखी, खुर्चीतून अर्धी उठून तीच हाक मारून बसली. तोच सूर, फक्त म्हातारा झालेला.

चंद्रीनं दोरी तोडली. खुर्च्या पाडत, नानासाहेबांच्या मांडीवरून ती थेट अक्काच्या पदराशी.

लोक हसत होते, पण बकरीकडं बघून नाही. माझ्या मागं बघून. मी वळलो. पळता पळता पोराचा फेटा सुटला होता आणि आतून दोन वेण्या बाहेर आल्या होत्या. रिबिनीसकट. दिग्दर्शकानं तसंच ठेवलेलं, रीळ संपलं असेल. चेहरा जवळून दिसला. आमच्या घरातल्या सगळ्यांचे चेहरे सारखेच. पण तो अक्काचा होता.

मी माइकवर सांगितलं, की संकलकानं चुकीचा टेक वापरला. कुणी ऐकलं नाही. नानासाहेबांनी माझ्यासाठी आणलेली शाल उचलली आणि अक्काच्या खांद्यावर घातली. त्या माणसाला प्रसंगावधान नाही.

नंतर अक्का माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, बकऱ्या तुहं ऐकंनात. तू लई रडला. मंग सायबानं तुहे कपडे काढून मला घातले, माह्या वेण्या फेट्यात कोंबल्या, अन् तुह्या हातात बिस्किटाचा पुडा देला. आय म्हणाली, त्याला बोलू नको, जीव बारीक करील. तू तर घरला येताच गावभर सांगत सुटला. मंग म्या काहून बोलू?

मी विचारलं, इतकी वर्षं तुला काहीच वाटलं नाही? ती म्हणाली, वाटायचं की. पर तू सांगायला लागला की लई ग्वाड दिसायचा.

वाईट वाटलं. इथं खोटं कशाला लिहू, ही वही मीच वाचणार. फार वाईट वाटलं. तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते ठरवलेलं नाही.

अंगातल्या शर्टाला पिना टोचत होत्या म्हणून मी तो काढून टाकला होता आणि बनियनवर कुडकुडत होतो. अक्कानं खांद्यावरची शाल काढून माझ्या अंगावर टाकली. म्हणाली, घे. तवा तुहे कपडे म्या घेतले व्हते.

मग चंद्रीला घेऊन ती गेली. चंद्री रिक्षात तिच्या पायाशी गुमान बसली.

१६ नोव्हेंबर, रविवार

ज्ञानेश्वरीनं सकाळी दारावरच्या पाटीवरची धूळ पुसली. पाटी काढली नाही. मीही नाही.

मंडळाची बैठक झाली. उपस्थिती फक्त धम्मपाल. ठरलेला विषय होता, अध्यक्षांचा अभिनयप्रवास. बदलला. आज बानाबाईंच्या कामावर चर्चा केली. पळणं मोकळं. हाक अशी, की वारा मागं सरावा. कॅमेऱ्याकडं एकदाही लक्ष नाही, सगळा जीव बकऱ्यांत. इतक्या बालकलावंतांचं काम पाहिलं, हिच्या जवळपास कुणी नाही. जनावरांबरोबर काम केलंय, हे तर आहेच.

धम्मपालनं दृश्य मागं घेऊन पुन्हा लावलं. डाव्या कोपऱ्यात दगडावर एक उघडं पोर बसलेलं दिसतं. थेट कॅमेऱ्यात बघतंय. धम्मपालनं हळूच विचारलं, काका, हा कोण असेल?

म्हटलं, ठाऊक नाही. गावातलं कुणीतरी.

पुन्हा लावायला सांगितलं. बिस्कीट चांगलं खातो.