मंगळवारची मोजणी

आप्पा,

काल उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या रस्त्यावर गेले होते. दुभाजकातली पलीकडे जायची वाट बंद केली आहे, तिथे एक कामगार सायकल उचलून पलीकडे नेऊ पाहत होता. मला म्हणाला, "आक्का, जरा चाक धरा की." मी धरलं. "कुठल्या शाण्यानं बुजवलंय ह्ये! फिरून जायचं तर लई लांब पडतंय, कामाची पाळी चुकतीया." मागून ट्रक हॉर्न वाजवत गेला. मी नुसतं "व्हय" म्हणाले.

तो शाणा म्हणजे मी. आम्ही संगणकावर रस्ता उभा करतो, मोजलेल्या गाड्या, सायकली, माणसं त्यात सोडतो आणि वाट बंद केली तर काय होईल ते आधीच बघतो. पडद्यावर त्या वाटेने जवळजवळ कुणीच जात नव्हतं. ती बंद केली की सरळ जाणाऱ्या गाड्या न थांबता सुटत होत्या. वाट बंद करावी, असं मी अहवालात लिहिलं. मोजणी मंगळवारी झाली होती. मंगळवारी तिथल्या तुमच्या फाउंड्रीला सुट्टी असायची, आजूबाजूच्या कारखान्यांनाही. अजूनही असते. त्या दिवशी वडगावच्या घरात तुम्ही स्वतः मटणाला फोडणी द्यायचात आणि आईला म्हणायचात, "आज तू सायब. बस तिकडं."

एकदा शाळा लवकर सुटली म्हणून मी तुमचा डबा घेऊन कारखान्यात आले होते. तुम्ही पंपाच्या ओतीव भागावर हातोडी हलकेच मारून आवाजाकडे कान देत होतात. एक भाग तुम्ही बाजूला ठेवता. तुमच्या शेजारी काम करणारा तुम्हाला हसतो, "आण्णा, पाणीच जायचंय त्यातनं, दूध न्हाय. द्या सोडून." तुम्ही म्हणता, "आतनं पोकळ हाय. तुझ्या घरी बसवू?" आणि तो भाग पुन्हा वितळवायच्या ढिगात जातो.

काल तो सायकलवाला पलीकडे जाऊन निघून गेला. आता मला वाईट वाटेल म्हणून मी थोडी थांबले. काही वाटलं नाही. ऑफिसात सांगितलं आहे की मोजणी बाहेरच्या लोकांनी केली, वार माझ्या लक्षात आला नाही. पुन्हा मोजा, वाट उघडा, असं पत्र मीच द्यायला हवं. ते सोडून तुम्हाला लिहीत बसले आहे, आणि तुम्ही गेल्यावर हे कुठे पाठवायचंही नाही.

वार लक्षात आला होता, आप्पा. सही करायच्या आधीच. पुन्हा मोजायचं तर अहवाल लांबला असता, एवढंच.