माणक्याच्या बापाचा रकाना

१८ नोव्हें., मंगळ.
जातीच्या नोंदणीसाठी माणक्याची मोजणी झाली. जनावरांच्या डॉ. बाई सेनगावहून सकाळीच आल्या. उंची, छातीचा घेर, कानाची लांबी, शिंगांचं वळण, सगळं फीत लावून लिहिलं. रंग पाहायला त्याला गोठ्यातून उन्हात आणायला लावलं. पोटाखाली वाकून, जांघेत, शेपटीच्या गोंड्यात शोधलं. पांढरा केस एकही नाही. "काका, लाल कंधारी जातीचा असा गोऱ्हा या तालुक्यात मी पाहिला नाही." माझ्या बायकोने, कावेरीने, पदराने माणक्याचं तोंड पुसलं. तोंडाला काहीच लागलेलं नव्हतं.
आईचा रकाना भरला. तांबीच्या कानात नंबराचा बिल्ला आहे, दर महिन्याला दूध मोजून लिहिलेलं आहे, तिची आईही सरकारी वहीत आहे. मग बाईंनी विचारलं, "बाप?"
म्हटलं, महादेवाचा वळू.
पेन थांबला.

त्याच दिवशी, दिवेलागणीला
बाईंनी समजावलं ते लिहून ठेवतो. बापाचा नंबर नसेल तर गोऱ्ह्याचं नाव पुरवणी वहीत, नुसत्या रूपावर. मुख्य वहीत आई-बाप दोन्ही लागतात. रेतन केंद्रासाठी वळू निवडतात ते मुख्य वहीतूनच. निवड झाली तर याची वासरं जिल्हाभर होतील. नाही तर खच्ची करून औताला.
देवाला सोडलेल्या वळूला वेसण नाही, मालक नाही, नंबर कुठून असणार? फऱ्यावर त्रिशुळाचा डाग, तेवढीच त्याची खूण.
कावेरीला शब्द दिला आहे, खच्ची करायचा की ठेवायचा ते शिवरात्रीपर्यंत ठरवतो. गोऱ्हा दावं तोडायला लागला आहे. परवा दाव्याची ओढ बसून तिचा हात सोलला.

२० नोव्हें.
दिगंबर आला. चुलतभाऊ, पण सख्ख्यासारखा. त्याच्याकडे नोंदणीचा वळू आहे. चिठ्ठी पुढे केली. वर बारा आकडी नंबर.
"दादा, हा लिव. माझा वळू बाप म्हनून. मी सही देतो."
"पण तो न्हाई ना बाप."
"कागदाला डोळे हायेत का? रंग एक, जात एक. काहून एवढं मनाला लावून घेऊन राहिला?"
चिठ्ठी खिशात ठेवली. घ्यायला नको होती.

२३ नोव्हें., रवि.
चिठ्ठी तीन दिवस खिशात. देवळात गेलो तेव्हाही होती. गाभाऱ्यात हात जोडले आणि तिचीच आठवण. बाहेर पिंपळाखाली महादेवाचा वळू बसलेला. रवंथ करत होता. डोळे मिटलेले. मी शेजारी बराच वेळ उभा राहिलो.
तांबी माजावर आली तेव्हा ओढ्याच्या पलीकडे यानेच तिला फळवलं. मी स्वतः पाहिलं. त्याच्या पोराला दुसऱ्याच्या नावाने कसं उभं करू.
येताना दिगंबरच्या घरी चिठ्ठी परत दिली. त्याने चहा विचारला नाही.

१ डिसें., सोम.
तांड्यावर गेलो. रामसिंग नाईकांकडे. पंच्याहत्तरी उलटली. त्यांच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर माल वाहिला, जनावर पाहायचं ते यांनीच. वळू देवाला सोडला तोही तांड्यानेच, म्हणून विचारायला गेलो.
"नाईकबाबा, याची आई कोण?"
डोळे मिटून सांगत गेले. आई कुणाच्या दावणीची, तिची आई कुठल्या बाजारातून आणली, तिचा बाप कुठल्या गावचा. चार पिढ्या. मधे एकदा थांबले, "न्हाई, चुकलो. ती मोरी गाय दुसरीच व्हती, तिला सोड," म्हणाले आणि पुन्हा मागून सुरू केलं.
मी वहीत लिहून घेतलं. माझं लिहिणं त्यांच्या बोलण्याच्या मागे पडत होतं.
उठताना म्हणाले, "तुझा गोऱ्हा पाह्यला म्या. मानेखालची पोळी बापाचीच हाय. सोताच्या बापाचं नाव सांगायला त्याला लाज न्हाई, मंग तुला काहून?"

४ डिसें.
बाईंना फोन. नाईकांनी सांगितलेलं वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं. तोंडी माहिती चालत नाही, पण वाट आहे म्हणाल्या. वळूच्या कानात नंबर मारायचा. मग वळू, तांबी आणि माणक्या, तिघांच्या शेपटीचे केस मुळासकट तपासणीला पाठवायचे. रक्ताचं नातं त्यातून कळतं. जुळलं तर मुख्य वही.
"पण काका, नंबर मारायला मालक लागेल."

७ डिसें., रवि.
देवळात बैठक. गुरव, पाच-सहा म्हातारे, तांड्यावरून नाईकबाबा. कुणी म्हणालं, देवाच्या जनावराचा कान टोचायचा म्हणजे पाप. गुरवाचं मन डळमळीत. मलाही आतून भीती होती, खोटं का लिहू.
नाईकबाबा सगळ्यात शेवटी बोलले. "तापल्या लोखंडानं डाग दिला तवा आमी देवाला इचारलं व्हतं का? त्याचा हाय हे लोकांना कळावं म्हनून दिला. हे बी त्याच्यासाठीच. अन् डागापरीस तकलीफ कमीच व्हईल."
गुरव म्हणाला, "मंग माझी ना न्हाई." दिगंबर मागे भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडे पाहिलं नाही.

९ डिसें., मंगळ.
नंबर बसला.
दोर लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. नाईकबाबांनी गूळ-भाकरी दिली आणि त्याच्या मानेखालची पोळी खाजवत बसले. वळूने मान लांबवली. बाईंनी चिमटा दाबला. एकदा कान झटकला, बस. शेपूट कुणी धरायची म्हणून सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. दिगंबर मुकाट्याने पुढे आला, त्याने धरली. बाईंनी केस उपटले, पाकिटात घातले. तांबीचे आणि माणक्याचे घरी येऊन घेतले.
मग मोबाईलवर नोंद. मालकाचं नाव: महादेव देवस्थान. पुढे मोबाईल नंबर मागितला, त्याशिवाय पान पुढे जाईना. गुरवाचा फोन बंद पडलेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.
माझा दिला. लगेच माझ्या फोनवर आकडे आले, ते बाईंना वाचून दाखवले. नोंद झाली.
दिगंबर म्हणाला, "दादा, आता देवाचे फोन तुलाच येणार." माझ्याशी इतक्या दिवसांनी बोलला.
घरी येऊन पाय धुतले, दिवा लावला. गर्व करू नये हे कळतं. तरी आज ताठ चाललो, ते कावेरीने पाहिलं.

२७ डिसें.
निकाल नाही. तुरीची कापणी.

१४ जाने.
तिळगूळ द्यायला नाईकबाबा स्वतः आले. माणक्याजवळ बसले. "माझ्या माघारी हे कुनाच्या डोक्यात ऱ्हानार न्हाई. तुझ्या वहीत हाय ते बरं झालं." वही आणून त्यांच्या हातात दिली. वाचता येत नाही. पान बोटाने चाचपून परत दिली.

५ फेब्रु.
निकाल नाही. खच्ची करणारा माणूस गोरेगावच्या बाजारात भेटला. शिवरात्रीनंतरच्या सोमवारी येतो म्हणाला. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. कावेरीला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी शबुद मला दिला व्हता. तो म्या वापस केला. ऱ्हाऊ द्या त्याला." हाताचा वण अजून दिसतो तिच्या.

१२ फेब्रु., गुरु.
दुपारी शेतात फोन वाजला. संदेश. सरकारी नाव पाहून निकालच वाटला. हात धोतराला पुसून उघडला.
निकाल नव्हता. 'आपल्या जनावरास लाळ्या-खुरकुताची लस देणे बाकी आहे.' खाली नंबर. तांबीचा नाही, माणक्याचा नाही. महादेवाच्या वळूचा.
आपल्या जनावरास. पुन्हा वाचलं.
बाईंना लसीसाठी फोन केला. उद्या येते म्हणाल्या. निकालाचं मी विचारलं नाही, त्याही बोलल्या नाहीत. बाजारातल्या माणसाला निरोप धाडला, येऊ नको.
कावेरीला उद्या वळूसाठी दोन भाकरी जास्त टाकायला सांगितल्या. गूळ घरात आहे. नाईकबाबांना आणायला सकाळी लवकर तांड्यावर जायचं आहे. माझ्या वहीत माणक्याच्या पानावर बापाचा रकाना अजून कोरा आहे. पेन तिथेच ठेवला आहे.